वजन कमी करण्याच्या इंजेक्शनची किंमत देशागणिक एवढी का बदलते?

प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या एका ताईंचा आहे. वय ४४, उंची ५ फूट २ इंच, वजन ९४ किलो, रक्तदाबाची गोळी चालू, मधुमेह नाही. त्यांच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलं आहे, मौंजारो किंवा वेगोव्ही. न्यू जर्सीतली बहीण म्हणते, तिकडे याचे महिन्याला हजार डॉलरच्या वर पडतात, पण तिला मात्र इन्शुरन्समुळे पंचवीस डॉलर द्यावे लागतात. लंडनच्या दिरांचा खर्च २०२५ च्या सप्टेंबरपासून जवळजवळ दुप्पट झाला. इथल्या केमिस्टने सांगितलेला आकडा या दोन्हींशी जुळत नाही. ताई विचारतात: खरी किंमत कोणती? आणि कुणी येणार असेल तर त्यांच्याबरोबर मागवून घेऊ का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. मागवू नका. कारण पुढे येईलच.

पहिल्या प्रश्नाला थोडा वेळ द्यावा लागेल. या औषधांच्या बाबतीत डब्यावरच्या किमतीचा औषध बनवायच्या खर्चाशी फारसा संबंध नाही. सेमाग्लुटाइड (मधुमेहासाठीच्या ओझेम्पिकमधलं आणि वजनासाठीच्या वेगोव्हीमधलं औषध) बनवायला महिन्याच्या डोसला किती खर्च येत असेल, याचा येल विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी २०२४ मध्ये अंदाज काढला. तो ८९ सेंट ते पावणेपाच डॉलर इतका निघाला. त्याच काळात अमेरिकेत ओझेम्पिकची छापील किंमत महिन्याला ९६९ डॉलर होती आणि वेगोव्हीची १,३४९. कंपनी संशोधनाचा आणि चाचण्यांचा खर्च पुढे करते. तो खर्च खरा आहे, पण तो अमेरिकेत जेवढा झाला तेवढाच फ्रान्समधल्या डब्यातही आहे. तरी २०२३ मध्ये ओझेम्पिकची एका महिन्याची यादीतली किंमत अमेरिकेत ९३६ डॉलर होती, जपानमध्ये १६९, ब्रिटनमध्ये ९३, ऑस्ट्रेलियात ८७ आणि फ्रान्समध्ये ८३. औषध तेच, कंपनीही तीच, डेन्मार्कची नोवो नॉर्डिस्क.

हा फरक पडतो तो कंपनीसमोर घासाघीस करायला कोण बसलं आहे त्यावरून. फ्रान्स, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलियात सरकार किंवा सरकारी विमा सगळ्या देशाच्या वतीने बोलणी करतो. दर पटला नाही तर औषध सरकारी यादीत येत नाही, आणि कंपनीला एवढं मोठं गिऱ्हाईक गमवायचं नसतं. अमेरिकेत असा एक खरेदीदार नाही. तिथे विमा कंपन्यांच्या वतीने बोलणी करणारे दलाल आहेत. सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स ही त्यातली तीन मोठी नावं. ते कंपनीकडून मोठी सूट घेतात, पण ती सूट गुपित असते आणि दुकानातल्या छापील किमतीत दिसत नाही. म्हणून तुमच्या बहिणीचे हजार डॉलर आणि पंचवीस डॉलर हे दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला विम्याशिवाय, छापील किमतीने घेणारीसाठी, दुसरा जिच्या कंपनीच्या विम्यात हे औषध बसतं तिच्यासाठी. मधली रक्कम कुणीतरी भरतंच, फक्त ती तिच्या बिलावर येत नाही.

तिला एवढं जरूर सांगा, की हे पंचवीस डॉलर कायमचे आहेत असं धरू नको. सीव्हीएस केअरमार्कने १ जुलै २०२५ पासून आपल्या नेहमीच्या यादीतून झेपबाउंड (अमेरिकेत वजनासाठी विकलं जाणारं टिर्झेपाटाइड, म्हणजे आपलं मौंजारो) काढलं आणि वेगोव्ही ठेवलं. ज्यांना झेपबाउंड मानवत होतं त्यांना औषध बदलावं लागलं किंवा पदरचे पैसे मोजावे लागले. अमेरिकेत तर राज्य ओलांडलं तरी चित्र बदलतं. नॉर्थ कॅरोलिनाने आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्यातून वजनासाठीची ही औषधं एप्रिल २०२४ मध्ये वगळली. कॅलिफोर्नियाने गरिबांसाठीच्या सरकारी विम्यातून ती जानेवारी २०२६ पासून बंद केली. ज्येष्ठांच्या मेडिकेअरला तर २००३ च्या कायद्यानेच फक्त वजनासाठी दिलेल्या औषधाचे पैसे भरायला मनाई होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने नोवो आणि इलाय लिली (मौंजारोची कंपनी) यांच्याशी करार केला. मेडिकेअरसाठी महिन्याला २४५ डॉलर आणि थेट रोखीने घेणाऱ्यांसाठी सरासरी ३५० च्या आसपास, असे आकडे त्यात ठरले. म्हणजे ज्या औषधाची छापील किंमत वर्षानुवर्षं १,३४९ डॉलर होती, ते सरकार समोर बसल्यावर साधारण पाव किमतीला आलं. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच.

आता दीर. ब्रिटनमध्ये या औषधाचे दोन वेगळे बाजार आहेत आणि ते एकमेकांना शिवत नाहीत. सरकारी आरोग्यसेवेतून, म्हणजे एनएचएसमधून, मौंजारो मिळालं तर इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या एका औषधाचे ९ पौंड ९० पेन्स. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत, तिथे सरकारी चिठ्ठीवरची औषधं मोफत आहेत. पण सरकारी रांग अतिशय चिंचोळी आहे. जून २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांना हे लिहायची मुभा मिळाली तेव्हा पहिल्या वर्षासाठीची अट होती: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० किंवा जास्त, आणि शिवाय ठरवून दिलेल्या पाच आजारांपैकी किमान चार. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना बीएमआयमध्ये अडीचची सवलत, म्हणजे ३७.५. ताई, तुमचा बीएमआय ३८ च्या आसपास येतो. तुम्ही लंडनला राहत असतात तर वजनाच्या अटीत बसला असतात, पण नुसत्या रक्तदाबावर आजारांच्या अटीत बसला नसतात. मग उरतं खाजगी दुकान, आणि दीर बहुधा तिथूनच घेत असणार.

त्यांचा खर्च का वाढला ते बघण्यासारखं आहे. इलाय लिलीने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की मौंजारोचे ब्रिटनमधले खाजगी दर १ सप्टेंबरपासून वाढतील. सर्वांत मोठ्या डोसचा महिन्याचा दर १२२ पौंडांवरून ३३०, आणि ५ मिलिग्रॅमचा ९२ वरून १८०. औषधात किंवा कारखान्यात काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते अमेरिकेत. इतर श्रीमंत देशांना जो सर्वांत कमी दर देता तोच आम्हाला द्या, असा दबाव तिथल्या सरकारने मे २०२५ पासून लावला होता. स्वस्त ब्रिटनचा आकडा समोर ठेवून अमेरिकेत दर कमी करावा लागण्यापेक्षा ब्रिटनचाच आकडा वर नेणं कंपनीला सोयीचं होतं. सरकारी सेवेचा दर मात्र तसाच राहिला. म्हणजे वॉशिंग्टनमधल्या धोरणाचं बिल लंडनमध्ये स्वतःच्या खिशातून औषध घेणाऱ्या माणसाने भरलं.

जर्मनीत याउलट अडचण आहे. दर अमेरिकेच्या मानाने पुष्कळ कमी, पण तिथल्या कायद्यात वजन कमी करण्याची औषधं जीवनशैलीच्या औषधांत मोडतात, त्यामुळे सार्वजनिक विमा ती देऊच शकत नाही. जपानमध्ये सरकारने डोसनिहाय दर बांधून दिले. वेगोव्हीचं सर्वांत लहान पेन (औषध भरूनच येणारं, पेनासारखं दिसणारं इंजेक्शन) १,८७६ येन, सर्वांत मोठं १०,७४०, आणि एक पेन एका आठवड्याचं. अटींत बसलात तर त्यातला साधारण तीस टक्केच वाटा तुमचा. पण त्यासाठी आधी आहार-व्यायामाचा प्रयत्न कागदावर असावा लागतो आणि औषध ठरावीक रुग्णालयांतूनच मिळतं.

एक गोष्ट कॅनडाची, कारण तिथून पुढे आपल्याकडे यायचं आहे. पेटंट जिवंत ठेवायला दरवर्षी फी भरावी लागते. कॅनडात सेमाग्लुटाइडच्या पेटंटची काही शे डॉलरची फी नोवोने भरली नाही आणि २०२० मध्ये तिथलं पेटंट गेलं. वेगळ्या नियमामुळे चाचण्यांच्या माहितीचं संरक्षण जानेवारी २०२६ पर्यंत टिकलं, पण त्यानंतर इतर कंपन्यांना दार मोकळं झालं. अमेरिकेत हेच पेटंट २०३२ पर्यंत आहे, युरोप आणि जपानमध्ये २०३१ पर्यंत. भारतात ते मार्च २०२६ मध्ये संपलं. पुढची काही वर्षं सेमाग्लुटाइड कुठे स्वस्त आणि कुठे महाग, हे बऱ्याच अंशी या तारखा ठरवतील.

आपल्याकडे काय झालं ते आता सविस्तर सांगते, कारण तुमचा खर्च इथेच व्हायचा आहे.

मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं ते काचेच्या छोट्या कुप्यांत. एक कुपी म्हणजे एक आठवडा. २.५ मिलिग्रॅमची ३,५०० रुपयांना, ५ ची ४,३७५ ला. वेगोव्ही जूनमध्ये आलं, सुरुवातीचे तीन डोस महिना १७,३४५ रुपये आणि सर्वांत मोठा २.४ मिलिग्रॅमचा डोस २६,०१५. ऑगस्टमध्ये मौंजारोचं चार डोसांचं पेन आलं: २.५ मिलिग्रॅमचं १४,०००, ५ चं १७,५००, ७.५ आणि १० चं २२,०००, आणि १२.५ व १५ चं २७,५००. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी बाराचा पाच टक्के झाला, त्याने यात सहाएक टक्क्यांची घट झाली. मग नोव्हेंबरमध्ये नोवोने वेगोव्हीचे दर उतरवले, पहिला डोस १०,८५० आणि शेवटचा १६,४००. डिसेंबरमध्ये मधुमेहासाठीचं ओझेम्पिक आलं, सुरुवातीच्या डोसला महिना ८,८०० रुपये.

पहिल्या सहा महिन्यांतच एवढी उतरण का लागली? सरकारने दर बांधला म्हणून नाही. ही औषधं आपल्या दरनियंत्रणाच्या यादीत नाहीत. त्यांच्यावर बंधन एवढंच, की एमआरपी वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. दर उतरले ते दोन कंपन्यांच्या चुरशीमुळे आणि मार्च २०२६ जवळ येत होता म्हणून. डॉ. रेड्डीज, सन, झायडस, नॅटको अशा कंपन्या सेमाग्लुटाइडची तयारी आधीपासून करत होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डॉ. रेड्डीजला, जिथे पेटंट नाही अशा देशांत निर्यात करण्यासाठी ते बनवायला मुभा दिली. पुण्याच्या एमक्युअरने तर नोवोशीच हातमिळवणी करून त्यांचं वजनासाठीचं सेमाग्लुटाइड दुसऱ्या नावाने विकायला घेतलं. याआधी लिराग्लुटाइड या थोड्या जुन्या, रोज टोचायच्या औषधाचं उदाहरण होतंच. ग्लेनमार्कने २०२४ च्या सुरुवातीला त्याची भारतीय आवृत्ती आणली आणि उपचाराचा खर्च सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आला. मौंजारोचं मात्र असं लगेच होणार नाही, टिर्झेपाटाइडचं भारतातलं पेटंट २०३६ पर्यंत आहे. म्हणून तुमच्यासमोर दोन नावं ठेवली असतील तर किमतीच्या दृष्टीने ती सारखी नाहीत. एकाची किंमत पुढे उतरण्याची वाट मोकळी आहे, दुसऱ्याची किंमत मुख्यतः एका कंपनीच्या मर्जीवर आहे.

महाराष्ट्राच्या आत तुम्हाला दर फारसा बदललेला दिसणार नाही. एमआरपी सगळ्या देशाला एकच, करासकट. मुंबईत स्वस्त आणि गडचिरोलीत महाग असं छापील किमतीत होत नाही. फरक पडतो तो दुकानदार स्वतःच्या नफ्यातून किती सोडतो त्याने. अशा औषधांवर किरकोळ दुकानदाराला साधारण वीस टक्के आणि स्टॉकिस्टला दहा टक्के सुटतात, म्हणून मोठ्या शहरातलं खपाचं दुकान किंवा ऑनलाइन दुकान सूट देऊ शकतं. तालुक्याच्या गावातला केमिस्ट महिन्याला एखादंच पेन विकतो. ते फ्रिजमध्ये पडून राहण्याची जोखीम त्याच्या डोक्यावर असते, तो सूट देत नाही आणि त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. तिथल्या माणसाचा खरा जादा खर्च वेगळाच आहे: तज्ज्ञ डॉक्टरांकडे जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या, बुडालेला रोज, तपासण्या, आणि लाइट गेल्यावर फ्रिजचं काय करायचं ही काळजी. हा खर्च कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण अर्ध्यात औषध सोडणाऱ्या माझ्या कित्येक पेशंटांनी तेच कारण सांगितलं आहे.

आता तुमचा हिशेब. महिन्याची किंमत विचारू नका, वर्षाची विचारा, आणि डोस धरून विचारा. अमेरिकेत वेगोव्हीच्या पेनांची छापील किंमत सगळ्या डोसांना एकच होती. भारत, ब्रिटन, जपानमध्ये डोसबरोबर किंमत चढते. त्यामुळे जाहिरातीत दिसणारा आकडा हा पहिल्या चार आठवड्यांचा असतो, आणि तो डोस तर शरीराला सवय व्हावी म्हणून असतो, वजन उतरवण्यासाठी नव्हे. शिवाय पेन महिन्याचं म्हणतात, पण ते चार आठवड्यांचं असतं. वर्षात ५२ आठवडे, म्हणजे १३ पेनं. बारा धरून बजेट केलं की वर्षाअखेरीस एक पेन अंगावर येतं.

जीएसटी कमी झाल्यानंतरच्या दराने मौंजारोचं पाहू. पहिलं पेन २.५ चं आणि पुढे बारा पेनं ५ ची, तर वर्षाला साधारण दोन लाख दहा हजार. तेच ५ नंतर चढत १० वर स्थिरावलात तर दोन लाख छप्पन हजारांच्या पुढे (मधली ७.५ ची पायरी धरूनच, ७.५ आणि १० चा दर एकच आहे). यावर पेशंट विचारतात, मग मोठ्या डोसवर जायलाच हवं का? नाही. या औषधाच्या मुख्य चाचणीत ७२ आठवड्यांनंतर ५ मिलिग्रॅमवर सरासरी १५ टक्के वजन उतरलं, १० वर साडेएकोणीस आणि १५ वर जवळजवळ २१ टक्के. ९४ किलोचे १५ टक्के म्हणजे १४ किलो. तेवढ्याने तुमचा रक्तदाब, गुडघे, झोप यांत चांगला फरक पडण्याची शक्यता आहे. ५ वर वजन उतरत असेल आणि भूक ताब्यात असेल तर केवळ तक्त्यात पुढची पायरी आहे म्हणून मी चढवत नाही.

पैसे वाचवायची एक वाट मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि ती फार पसरते आहे. प्रति मिलिग्रॅम पाहिलं तर मोठ्या डोसचं पेन स्वस्त पडतं, म्हणून लोक मोठं पेन आणून क्लिक मोजत अर्धा-पाव डोस घेतात. किंवा एकदाच वापरायची कुपी दोन आठवड्यांत वाटून घेतात. एकदा टोचलेली एकवेळची कुपी पुन्हा वापरली की जंतुसंसर्गाचा धोका असतो. पेनावर असा अर्धवट डोस घेण्याची खूण नसते, चुकून दुप्पट गेला तर उलट्यांनी रुग्णालयात भरती व्हायची वेळ येऊ शकते. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, यात संकोच करण्यासारखं काही नाही. स्वस्त औषध निवडणं, लहान डोसवर थांबणं, हे त्यांच्या हातात असतं.

आणि आता ते मागवून घेण्याबद्दल. ही इंजेक्शनं २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असतात. बाहेर थोडे दिवस टिकतात, मौंजारोचं न वापरलेलं एका डोसचं पेन तीस अंशांखाली २१ दिवस, वेगोव्हीचं २८ दिवस. पण विमानाच्या सामानात गोठलं तर फेकायचंच, आणि गोठून वितळलेलं औषध दिसायला अगदी चांगलं दिसतं. दुबईहून मे महिन्यात आलेल्या बॅगेत ते किती तापलं हे कुणालाच कळत नाही. वर बनावट मालाचा धोका आहे, जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट ओझेम्पिकबद्दल इशारा दिला होता. मुळात आज हिशेबही जुळत नाही: दिरांच्या खाजगी दुकानातलं १५ मिलिग्रॅमचं पेन यादीच्या ३३० पौंड दराने रुपयांत आपल्यापेक्षा महाग आहे, आणि बहिणीचे पंचवीस डॉलर तिच्या विम्याचे आहेत, तुमच्या नाहीत. तिचं औषध तुम्हाला देणं म्हणजे तिचा डोस चुकवणं.

सेमाग्लुटाइडची भारतीय आवृत्ती घ्यायचं ठरलं तर केमिस्टला तीन गोष्टी विचारा: यात एकूण किती मिलिग्रॅम आहे, किती आठवडे पुरेल, आणि पेन आहे की कुपी. कुपी असेल तर सिरिंजमध्ये किती रेघा भरायच्या हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, इन्सुलिनच्या सिरिंजवर अंदाजाने भरू नका. आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी हा खर्च देत नाही, तरी पॉलिसी एकदा वाचून पाहा.

हा खर्च किती काळ, याचं उत्तर ऐकायला कठीण आहे. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणून एका वर्षाचे पैसे कसेबसे जमवून सुरू करू नका. दोन-तीन वर्षं झेपेल असा लहान खर्च निवडा, भले वजन थोडं हळू उतरेल. पहिल्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना एवढं सांगायला विसरू नका, की तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग (थायरॉइडच्या कर्करोगाचा एक प्रकार) झाला होता का आणि तुम्हाला पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का. पहिल्याचं उत्तर हो असेल तर ही दोन्ही औषधं तुमच्यासाठी नाहीत.